वीस अंश

पहिले सहा आठवडे यंत्राला हात लावायचा नाही.
व्हाइस, कानस
आणि माझ्या मुठीएवढा पोलादाचा ठोकळा.
"चौकोनी कर," जिगांदे म्हणाले
आणि कॉफी घ्यायला गेले.

घासला. गुण्या लावून खिडकीशी धरला:
कोपऱ्यातून उजेड डोकावत होता.
पुन्हा घासला. आता दुसऱ्या कोपऱ्यातून.
तिसऱ्या आठवड्यात ठोकळा अंगठ्याएवढा उरला,
उजेड तेवढाच.
तावानच्या शाळेत मला भूमितीत सहापैकी साडेपाच होते,
पण ते कानशीला कुणी सांगितलं नव्हतं.

जिगांदेंनी माझं कोपर धरून हात थांबवला.
"खांद्यातून नको. टाचेतून ढकल."
त्या दिवसाचं शिक्षण एवढंच.

मग लेथ.
चकातली सळई फिरताना फिरतेय असं वाटतच नाही,
नुसती चकाकत उभी असते,
म्हणून तर बाह्या कोपरावर, अंगठी घरी, केस टोपीत.
हत्यार टेकलं की पोलाद कात टाकतं:
आधी पिवळी, मग जांभळी, मग निळी,
आणि निळी झाली की हॉलच्या पलीकडच्या टोकाहून
जिगांदे ओरडतात,
"ल्युदिव्हिन, जाळतेस!"
न बघता. नाकानं.

मला मोजायचं वेड लागलं.
भावाचा केस: अठ्ठ्याहत्तर मायक्रॉन. माझा: बासष्ट.
केसभर फरक म्हणतात, तो कुणाच्या केसाचा?
टेबलाच्या लंगड्या पायाखाली
बाबांनी घडी करून सरकवलेला कागद: पाऊण मिलिमीटर,
आपण कोपर टेकलं तर कमी.
बाबा बाजारात चीज विकतात, डोळ्यानं कापतात.
दोनशे ग्रॅम मागा, दोनशे तीन मिळेल.
"वरचे तीन ओळखीचे."
मी म्हणाले, आमच्याकडे ओळखीला पाच मायक्रॉन.
ते हसले नाहीत. म्हणाले, आणि सहा झाले तर?

सहा झाले.

मार्चमधला गुरुवार, दहा मिलिमीटरची पिन.
संध्याकाळी यंत्रावरून काढली, तशीच मोजली:
तीन कमी. पाचपर्यंत चालतं.
मी शीळ घालत सायकल काढली,
पुलावर बिर्स नदीलाही ऐकवली.

सकाळी मापनकक्षात, जिथं बारा महिने वीस अंश,
तीच पिन सहा कमी.
तोच मायक्रोमीटर, तीच मी.
काढलेलं पोलाद परत लावता येत नाही.
"रात्रीत गेली कुठं?"
"कुठं नाही," जिगांदे म्हणाले,
"काल तिला ताप होता. तापातलं बोलणं
लिहून घेतेस का?"

दुसरी पिन केली.
काचेच्या त्या खोलीत लोखंडी पाटावर ठेवली
आणि बसले. हात मांडीखाली,
कारण बोटांनाही सदतीस अंश असतात.
वीस मिनिटं. चाळीस.
काचेपलीकडे जिगांदे सफरचंद सोलत होते,
साल कुठंही न तुटता खाली लोंबत होती,
आणि मला तिची जाडी विचारावीशी वाटली.
विचारली नाही.
पिन कधी थंड झाली ते दिसलं नाही. तसं काही दिसत नाही.
मोजली: चार कमी.
जिगांदेंनी आत येऊन स्वतः मोजली, वहीत चार लिहिलं,
आणि अर्धं सफरचंद पुढं केलं.
मी म्हणाले, नको, हाताला तेल आहे.
"खा. सगळ्यांच्याच आहे."

सहावाली मी घरी नेली.
चीज खरवडायच्या पाटावरचा मधला दांडा
वर्षभर डगमगत होता. बाबांनी तो उपटला,
पिन ठोकली, वर चीजचा गोळा बसवला.
"बसली की!"
"एक मायक्रॉन बाद आहे ती."
"चीजला सांगू नकोस."
आणि पातं फिरवलं.
पाकळी सुटली, पातळ, कुरळी, पिवळी.
मी उजेडाशी धरून पाहिली.
"निळी नाही," मी म्हणाले.
भाऊ म्हणाला, चीज निळं कशाला होईल?